आवाज आला, नाव राहिलं

दोन फायली होत्या. दोन्हींत एकाच बेडकाचा, एकाच संध्याकाळचा आवाज. कानाला सारख्या, आकाराने सारख्या, आणि कॉम्प्युटरला विचारलं तर तोही म्हणे, कणाचाही फरक नाही. तरी कालची फाइल दिल्यावर कुर्लीने खाडकन सांगितलं होतं, "टिचकी बेडूक. खोपण्याचा सडा." आणि आजची दिल्यावर ती नुसतीच म्हणाली, "बेडूक असावा. लेबल नाही."

असं कसं? जरा डोकं चालवून पाहा. मिहिकाने तेव्हा ते चालवलं नाही. तिला घाई होती, आणि घाईत हुशार माणसं जो वेडेपणा करतात तो साध्या माणसांना सुचतसुद्धा नाही.

कुर्ली म्हणजे यंत्रमानव. मानवासारखं तिच्यात काहीच नव्हतं. आठ पाय, पाठीवर कर्णा आणि पोटात ओलावा मोजायची नळी, असा तो खेकडा होता. कोकणात खेकड्याला कुर्ली म्हणतात, म्हणून हे नाव. मिहिकाच्या आबांकडे ती मुक्कामाला होती. आबा, म्हणजे मोरेश्वर तेरवणकर, हे बेडकांचे शास्त्रज्ञ. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, उकिडवं बसून त्यांनी उभं आयुष्य बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले होते. पुढे एका साथीने खोपण्याच्या सड्यावरचे टिचकी बेडूक नाहीसे झाले. उरलेल्या मूठभरांना डॉक्टर पाटकर मॅडमनी आपल्या बेडूक-पाळणाघरात नेलं, टाक्यांमध्ये वाढवलं, आणि आता त्यांची पिल्लं सड्यावर परत सोडायची होती.

पण टाकीत जन्मलेल्या बेडकाला सड्यावरचं कुठलं डबकं आपलं, हे कसं कळणार? त्यासाठी कुर्ली. तिने डबक्याशी बसायचं आणि आबांनी टिपलेली जुनी हाक वाजवायची: इकडे या, इथे पाणी आहे. आबांच्या पेटीत, म्हणजे जुन्या डिस्कमध्ये, दोनशेच्या वर फायली होत्या. त्या फक्त कुर्लीच्या पोटात भरायच्या होत्या.

"मी करते," मिहिका म्हणाली. सुट्टीत ती आबांकडे आली होती आणि शाळेत कॉम्प्युटरमध्ये तिचा हात कोणी धरू शकत नसे. हे तिने आबांना आल्यापासून तीनदा तरी सांगितलं होतं.

"कर गो. फक्त काल मी ती एक फाइल दिली तशी पेटी कुर्लीला तारेने जोड आणि थेट दे. मध्ये कुठे ठेवू नकोस. तार माडीवर आहे."

माडीवर जायला जिना चढावा लागला असता. मिहिकाने कॅमेऱ्यातलं जुनं कार्ड काढलं, पेटीतल्या फायली त्यात उतरवल्या आणि कार्डातून कुर्लीच्या पोटात. मग तिने चेकसम (फाइलमधला कण न् कण हिशोबात घेऊन काढलेला ताळा) पाहिला. प्रत्येक फाइलचा ताळा जुळला. तेवढ्यात पाटकर मॅडमची जीप दारात आली.

"झालं का?" मॅडमनी विचारलं.

"झालं. एकूण एक जुळल्या!"

"शाब्बास. मग ही पेटी मी नेते. उद्या पुसून टाक्यांच्या कॅमेऱ्यांना देऊ." आणि मॅडमनी पेटी जीपमध्ये ठेवली.

मॅडम आणि आबा पडवीत चहाला बसले, आणि आतल्या खोलीत कुर्ली हळूच म्हणाली, "लेबल नाही." पुढची फाइल. "लेबल नाही." त्याच्या पुढची. "लेबल नाही."

पडवी वीस पावलांवर होती. तिथे जाऊन एवढंच म्हणायचं होतं, "आबा, काहीतरी राहिलं." पण आत्ताच शाब्बास मिळालं होतं. ते इतक्या लवकर परत कसं द्यायचं?

लेबल लावण्याची आज्ञा तिला येत होती. तिने एकेक आवाज जेमतेम क्षणभर ऐकला आणि अंदाजाने लेबलं लावायला घेतली. जागा सगळीकडे खोपणे. टिचकीचे आवाज दोन तऱ्हेचे होते. एक कोरडा, बोटांनी टिचकी वाजवावी तसा. दुसरा खिदळल्यासारखा, खिर्रर्र. खिदळणारा आनंदी, म्हणजे 'इकडे या'. कोरडा म्हणजे 'धोका'. चहा संपेस्तोवर सगळ्या फायलींना लेबलं लागली होती, आणि कुर्ली प्रत्येक फाइलला आज्ञाधारकपणे अर्थ सांगत होती.

संध्याकाळी सड्यावर डबक्याच्या काठी टोपल्या उघडल्या. नखाएवढे बेडूक टुणटुण बाहेर आले. कुर्लीने कर्णा वळवला आणि 'इकडे या' वाजवलं: खिर्रर्र!

इकडेतिकडे उड्या मारणारे सगळे बेडूक जागच्या जागी थिजले. मग उलटे फिरून दगडांच्या फटीत, टोपल्यांत, मॅडमच्या बुटाखाली, वाट फुटेल तिकडे घुसले. डबक्याकडे एकही गेला नाही.

"अहो, हा तर धोक्याचा आवाज!" आबा ओरडले. "साप दिसला की करतात तो!"

मॅडमनी कुर्लीला थांबवलं आणि लेबल वाचायला लावलं. "टिचकी बेडूक. अर्थ: इकडे या," कुर्ली म्हणाली.

मॅडम आबांकडे वळल्या. "आबा," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "लेबल तर तुमचंच आहे."

मिहिका आबांच्या मागे उभी होती. आबांचा चेहरा तिला दिसत नव्हता, पण त्यांचा हात दिसत होता. तो हळूच वर गेला आणि उजव्या कानाला लागला.

"माझं आहे खरं," आबा म्हणाले. "मग मी तेव्हा चुकलो की आत्ता चुकतोय?"

कोणी काही बोललं नाही. मिहिकाही नाही. बेडूक कसेबसे गोळा करून टोपल्यांत घातले. जाताना मॅडम म्हणाल्या, की जुना संग्रह आता बाजूला ठेवू, यंत्राला नव्याने काही शिकवता येतं का बघू. वाईट अजिबात बोलल्या नाहीत. तेच तर वाईट होतं.

सकाळी मिहिका स्वयंपाकघरात आली, तर आबा ओट्याशी उभे. समोर तीन कप आणि हातात चमचा. एकेका कपावर ते चमचा वाजवत होते आणि मान तिरकी करून ऐकत होते.

"मिहिका, यातला कुठला आवाज वरचा गो? मला हा वाटतो. बरोबर ना?"

"बरोबर."

"नक्की? माझं मन राखायला सांगू नकोस हां."

मिहिकाला तिथून पळून जावंसं वाटलं. ती खरंच पळाली. पडवीत कुर्ली उन्हात चार्ज होत बसली होती, तिच्याशेजारी जाऊन बसली.

"कुर्ली, ती लेबलं कोणी लावली हे तू आबांना सांगणार आहेस का?"

"मला कोणी विचारलं तर सांगेन," कुर्ली म्हणाली. "विचारल्याशिवाय मी सांगत नाही. विचारल्यावर खोटं सांगत नाही. मी तशीच बनवलेली आहे."

म्हणजे कोणी विचारलं नाही, तर कधीच कळणार नव्हतं. आणि कोण विचारणार? आबांना तर कुर्लीचा संशयच नव्हता. त्यांना संशय होता तो स्वतःचा. सुटकेचा रस्ता समोर उघडा होता, आणि तो बघून मिहिकाला स्वतःचीच किळस आली.

आतून आबांचा आवाज आला, फोन शोधत होते. "मॅडमना सांगून टाकतो, पेटी खुशाल पुसा. चुकीच्या संग्रहाने बेडूक मारण्यापेक्षा संग्रह नसलेला बरा."

मिहिका उठली. आत जाऊन तिने आबांच्या हातातला फोन धरला आणि खाली बघत, एका दमात सगळं सांगितलं. तार, जिना, कार्ड, अंदाज, चहा. मध्ये श्वास घेतला असता तर पुढचं सांगता आलं नसतं.

आबा आधी हसले. खरोखर हसले, मोठ्याने, ओट्याला धरून. "म्हणजे माझे कान शाबूत आहेत!"

ते हसू मिहिकाला थपडेसारखं लागलं. एका रात्रीत या माणसाला आपण कुठे नेऊन ठेवलं होतं, ते तिला त्या हसण्यात दिसलं. मग आबांचं हसू ओसरलं आणि ते तिच्याकडे नुसतेच बघत राहिले. ते बघणं आणखी अवघड होतं.

"चुकलीस त्याचं मला काही नाही," ते म्हणाले. "पण काल तिथे माझ्या मागे उभी होतीस तू."

मिहिकाला रडू फुटलं. आबांनी तिला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग फोन तिच्याच हातात ठेवला. "मॅडमना तू सांगायचंस. पेटी पुसायच्या आत."

दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा सोपं असतं असं कोणाला वाटत असेल, तर त्याने करून पाहावं. पलीकडे मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "थांब, आधी पेटी वाचलीय का बघते," आणि धावत गेल्याचा आवाज आला. तो आवाज परत येईपर्यंत मिहिकाने देवाला काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच ठाऊक.

"टेबलावर आहे. इथला मदतनीस मुलगा आत्ता जोडतच होता. घेऊन येते."

मॅडम पोचेपर्यंत वेळ होता. आबांनी फडताळातून एक स्टीलचा डबा काढला. आमसुलांचा. डब्याच्या बुडावर बारीक टोचलेल्या ठिपक्यांनी आजीचं नाव घातलेलं होतं, पूर्वी भांड्यांवर घालत तसं: सौ. सुलभा तेरवणकर, खोपणे.

"हा डबा सगळं गाव फिरून आलाय," आबा म्हणाले. "लग्नात गेला, बारशात गेला, दर वेळी घरी परत आला. का?"

"नाव आहे म्हणून," मिहिका नाक पुसत म्हणाली.

"आता ही आमसुलं प्लास्टिकच्या पिशवीत ओत. आणि पिशवीतून त्या दुसऱ्या डब्यात. आणि वजन कर."

मिहिकाने तराजूवर वजन केलं. होतं तेवढंच भरलं.

"वजन जुळलं. आमसूल एकही सांडलं नाही. नाव आलं का?"

मिहिका दुसऱ्या डब्याच्या कोऱ्या बुडाकडे बघत राहिली. आणि एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे लेबल फाइलच्या आत नसतंच!"

"नसतं. आवाज आत, लेबल बाहेरून. त्याला एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात (फाइलच्या मजकुराला हात न लावता तिला जोडून ठेवलेली जादा माहिती). एक नाव आणि एक किंमत, अशी जोडी. नाव 'अर्थ', किंमत 'धोका'. नाव 'जागा', किंमत 'खोपणे'. चेकसम ताळा करतो तो फक्त आतल्या मालाचा. म्हणून तुझा ताळा जुळला. तू खोटं बोलली नव्हतीस गो, अर्धंच बोललीस."

"पण पेटीत लेबलं होती. कुर्लीलाही ठेवता येतात. मग गेली कुठे?"

"पिशवीत. कॅमेऱ्याचं कार्ड जुन्या पद्धतीचं, त्याच्यावर लेबल ठेवायला जागाच केलेली नाही. फायली उतरवताना लेबलंही घे, असं तू कॉम्प्युटरला सांगितलं नाहीस. त्याने आपला आतला माल नेला आणि बाकी गुपचूप सोडून दिलं."

"मला सांगायला नको का त्याने?"

"विचार ना कार्डाला. लाव एक लेबल."

मिहिकाने कार्ड जोडलं आणि आज्ञा दिली. पडद्यावर तत्काळ उत्तर आलं: ही सोय इथे नाही. काल एकदा विचारलं असतं, तर काल हेच उत्तर मिळालं असतं.

जीप आली. मिहिका माडीवर जाऊन तार घेऊन आली. या वेळी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. मॅडमनी पेटी समोर ठेवली, पण मिहिकाच्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. त्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. "कर. मी बघते."

आता थोडं नीट ऐका, कारण खरी गंमत इथे आहे. लेबलांशी बोलायला कॉम्प्युटरमध्ये एक इंटरफेस असतो (कोणत्या आज्ञा द्यायच्या आणि त्यांची काय उत्तरं येतील, हे आधीच ठरवून ठेवलेली खिडकी). या खिडकीवर चारच कामं होतात. 'दाखव' म्हटलं की फाइलवर कोणकोणत्या नावांची लेबलं आहेत ते कळतं. 'वाच' म्हटलं की त्यातल्या एकाची किंमत कळते. 'लाव' आणि 'काढ' तर नावातच आले. आणि शाळेच्या हजेरीत आडनाव आधी येतं, तसं प्रत्येक लेबलाच्या नावाआधी एक गट येतो. 'युजर' गटातली लेबलं फाइल ज्याच्या ताब्यात असेल त्याने लावावीत, 'सिस्टिम' गटातल्यांना यंत्राशिवाय कोणी हात लावायचा नाही.

मिहिकाने पेटीतल्या पहिल्या फाइलला 'दाखव' म्हटलं. आबांची लेबलं जिथल्या तिथे होती: जात, जागा, अर्थ. 'वाच' म्हटलं. खिर्रर्र या आवाजाचा अर्थ: धोका. आबांनी डोळे मिटून मान हलवली.

"आता ही कुर्लीच्या फाइलला लाव," आबा म्हणाले. "पण 'नसेल तरच लाव' असं सांग. दुसऱ्याच्या लेबलावर आपलं लेबल थापू नये, ही माझी जुनी सवय."

मिहिकाने तसं सांगितलं. कुर्ली म्हणाली, "लावता येत नाही. आधीच आहे."

पुढची फाइल. "आधीच आहे." त्याच्या पुढची. "आधीच आहे."

खरं लेबल दारात उभं होतं आणि मिहिकाने काल ठोकून दिलेलं लेबल त्याला आत येऊ देत नव्हतं. दोनशे वेळा. मॅडमसमोर. एका आज्ञेत सगळी पुसता आली असती, आणि ती आज्ञा मिहिकाला येतही होती. पण तिने एकेक उघडलं. 'वाच' म्हणायची, आपणच लावलेलं लेबल मोठ्याने वाचायची, मग 'काढ' म्हणायची. कुर्ली दर वेळी शांतपणे सांगायची, "काढलं." प्रत्येक फाइलला मिहिकाचे कान नव्याने तापत होते. काढल्यावर ती एकदा 'वाच' म्हणून बघायची, आणि उत्तर यायचं, असं लेबल नाही. काल ज्या उत्तराची तिला लाज वाटली होती, तेच आज तिला सगळ्यात स्वच्छ वाटलं. नाही तर नाही.

मग तारेतून आबांची लेबलं आली. या वेळी ताळा दोन्हींचा केला, आवाजाचाही आणि लेबलांचाही. मॅडम म्हणाल्या, पाळणाघरातही आजपासून असाच करायचा.

एक काम उरलं होतं. त्या खिदळणाऱ्या फाइलवर मिहिकाने आणखी एक लेबल लावलं. नाव ठेवलं 'सावध'. किंमत लिहिली: हा आवाज हसल्यासारखा वाटतो, म्हणून मिहिकाने अंदाजाने 'इकडे या' समजलं होतं. ते चूक होतं.

"हे कशाला?" मॅडमनी विचारलं. "चूक तर निघाली."

"माझ्यासारखं दुसरं कोणी आलं तर," मिहिका म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की तो ऐकायला आबांचेच कान हवेत.

संध्याकाळी पुन्हा सडा, पुन्हा टोपल्या. कुर्ली डबक्याशी बसली आणि कर्ण्यातून कोरडा, टिचकीसारखा आवाज आला. टक्. टक्. बेडूक थबकले. मग एकाने उडी मारली ती पाण्याकडे. मग दुसऱ्याने. बघता बघता ते नखाएवढे जीव कातळावरून डबक्याकडे निघाले, पहिल्यांदाच निघाले होते तरी वाट माहीत असल्यासारखे.

कुर्लीने आवाज थांबवला. सगळे कान देऊन उभे राहिले. आणि डबक्याच्या पलीकडच्या काठावरून, यंत्राचा नव्हे, खराखुरा, नाजूक आवाज आला. टक्.

आबांचा हात पुन्हा उजव्या कानाला लागला. "टिचकी," ते कुजबुजले. "'इकडे या' म्हणतोय." मग किंचित थांबून, भीत भीत, "ना?"

कुर्लीने तो आवाज टिपला होता. नवी कोरी फाइल, लेबल एकही नाही. तिने विचारलं, "काय लावू?"

मॅडमनी आबांकडे पाहिलं, आबांनी मिहिकाकडे. मिहिकाने थोडा विचार केला आणि एकेक जोडी सांगितली. जात: टिचकी. जागा: खोपण्याचा सडा. अर्थ: इकडे या. कोणी ओळखलं: मोरेश्वर तेरवणकर. कशावरून: स्वतःच्या कानांनी ऐकून.

"लावलं," कुर्ली म्हणाली.

आबांनी कानाला लावलेला हात खाली घेतला आणि तो मिहिकाच्या खांद्यावर ठेवला. पलीकडून दुसऱ्या बेडकाने उत्तर दिलं.